जीभ बधिर झाली तर…

जिभेची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जायला माणूस लाजतो. पोटात दुखले, ताप आला, पाय मुरगळला तर घरात चार जण विचारपूस करतात. ‘जीभ बधिर झाल्यासारखी वाटते’ असे सांगितले की ‘गरम चहा प्यायला असशील’ असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. बहुतेक वेळा ते उत्तर खरेही असते. पण कधी कधी हीच बारीकशी तक्रार मोठ्या आजाराची पहिली वर्दी असते, आणि त्या वेळी हातात दिवस नसतात, तास असतात.

मोसम नदीच्या काठावरचे नामपूर डोळ्यांसमोर आणा. कांद्याच्या हंगामात बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा, आजूबाजूला डाळिंबाच्या बागा, कामासाठी आणि दवाखान्यासाठी सटाणा नाही तर मालेगाव. मोठी तपासणी करायची म्हटले तर नाशिक, म्हणजे शंभरएक किलोमीटर. अशा गावातल्या घरासाठी ‘कशाला थांबायचे आणि कशाला धावायचे’ हे आधीपासून ठाऊक असणे शहरातल्या घरापेक्षा जास्त गरजेचे आहे. मोठ्या शहरात चूक झाली तर दहा मिनिटांत सुधारता येते. इथे रस्त्यातच तास जातो.

बधिर की जड?

आपल्या बोलण्यात ‘जीभ जड झाली’ हा एकच शब्दप्रयोग दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. पहिली गोष्ट म्हणजे स्पर्श कळत नाही, मुंग्या येतात, चुणचुणते. ही झाली बधिरता. दुसरी म्हणजे जीभ वळत नाही, शब्द घसरतात, घोट गिळताना अडखळते. हा जिभेच्या हालचालीतला बिघाड. डॉक्टरांसाठी या दोहोंत मोठा फरक आहे. बधिरता बऱ्याचदा साध्या कारणाने येते. जीभ अचानक वळेनाशी झाली तर मात्र ती तातडीची बाब समजावी.

जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाचा स्पर्श एक नस मेंदूपर्यंत पोहोचवते. ही नस खालच्या अक्कलदाढेच्या अगदी जवळून जाते. त्याच भागाची चव मात्र चेहऱ्याच्या नसेची एक फांदी नेते. मागच्या एक तृतीयांश भागाची चव आणि स्पर्श तिसरीच नस सांभाळते, आणि जीभ हलवण्याचे काम चौथीचे. म्हणून ‘कोणता भाग, कोणती बाजू, चव गेली की स्पर्श गेला’ या प्रश्नांच्या उत्तरांतून डॉक्टरांना बिघाड कुठे आहे याचा माग लागतो.

घरच्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. अचानक झाले की हळूहळू? एका बाजूला की दोन्ही बाजूंना? त्याआधी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, कोणते काम केले? आणि जिभेखेरीज आणखी कुठे काही होते आहे का? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

आधी धोक्याचे बोलू

नुसती जीभ बधिर होऊन पक्षाघाताचा झटका येणे क्वचितच घडते. पण जीभ किंवा ओठाचा एक कोपरा आणि त्याच बाजूच्या हाताची बोटे एकाच वेळी बधिर झाली, तर मेंदूतल्या छोट्या झटक्याची शक्यता धरावी लागते. त्याबरोबर तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात वर धरला असता खाली येणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे, तोल जाणे यातले काहीही असेल तर घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, हा दवाखान्यातला पहिला प्रश्न असतो.

रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितका फायदा अधिक. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणून १०८ ला फोन करतानाच ‘पक्षाघाताची शंका आहे’ असे स्पष्ट सांगा आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी नेण्याविषयी विचारा. सीटी नसलेल्या दोन दवाखान्यांत थांबत थांबत तिसऱ्यात पोहोचले तर साडेचार तास वाटेतच संपतात.

इथे आपल्याकडच्या काही सवयींबद्दल बोलले पाहिजे. तोंड वाकडे झाले की ‘वारं गेलं’, ‘लकवा मारला’ म्हणून मालिश होते, कबुतराच्या रक्ताचा लेप सुचवला जातो, कुणी लकव्याची मुळी देणाऱ्या गावाला घेऊन जातो. घरात दुआ जरूर व्हावी, पण गाडी दाराशी उभी असताना व्हावी. रुग्णाला पाणी, दूध, मध, गोळी काहीही पाजू नका. गिळण्याचे स्नायू दुबळे झाले असतील तर ते फुप्फुसात जाते. रक्त पातळ करणारी गोळीही सीटीआधी आपल्या मनाने देऊ नका. झटका रक्तस्रावाचा असेल तर ती नुकसान करते.

दहा मिनिटांत सगळे बरे झाले तरी ‘गेले एकदाचे’ म्हणून घरी बसू नका. असा येऊन गेलेला झटका पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असतो, आणि धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले तर पुढचा झटका टाळण्याचे उपचार सुरू होतात.

चेहऱ्याची एकच बाजू, कपाळासकट, ढिली पडली, डोळा मिटत नाही आणि जिभेच्या एका बाजूची चव गेली, तर तो चेहऱ्याच्या नसेचा आजार असू शकतो. त्यातले बहुतेक रुग्ण बरे होतात, पण औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर अधिक चांगले. आणि हा आजार पक्षाघात नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे, शेजाऱ्यांनी नव्हे.

दुसरा तातडीचा प्रसंग जीभ सुजण्याचा. शेंगदाणे, मासे, कोळंबी, एखादे नवे औषध किंवा मधमाशीचा डंख यानंतर ओठ-जीभ चुणचुणू लागली, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला किंवा श्वास घरघरू लागला, तर एक मिनिटही थांबू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ एनालाप्रिल किंवा रामिप्रिलने, कधी कधी अशी सूज येते. गोळी अनेक वर्षे बिनातक्रार घेतली असली तरी ती येऊ शकते. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका.

बागेतून आलेली चुणचुण

बागलाणातल्या घरांनी एक कारण विशेष लक्षात ठेवावे. डाळिंब, कांदा, द्राक्ष यांवर फवारणी करून आलेल्या माणसाचा चेहरा, ओठ आणि जीभ चुणचुणते, बधिर वाटते. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन या गटातल्या कीटकनाशकांचा हा ठरलेला परिणाम आहे. कातडीवर लाली नसते, पण जळजळ आणि मुंग्या असतात. साबण लावून गार पाण्याने धुतले, कपडे बदलले की साधारण एका दिवसात हे निवते.

पण फवारणीनंतर तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, उलट्या झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, अंगाचे स्नायू उडू लागले किंवा दम लागला, तर ती विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांवर बरेच बोलले गेले. तरीही आज शेतात तंबाखू मळणारा हात तोच असतो ज्याने नुकतेच औषध कालवलेले असते. विषबाधेच्या रुग्णाबरोबर औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद न्यावा. डॉक्टरांना उतारा ठरवायला तो उपयोगी पडतो.

सापाचेही तसेच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूण धड दिसतही नाही. पहाटे उठलेला माणूस ‘पोटात दुखतेय, जीभ जड झाली’ म्हणतो, पापण्या मिटू लागतात, बोलणे बोबडे होते. हे लकव्याचे चिन्ह समजून कुणी मालिश करत बसले तर श्वास बंद पडण्याची वेळ येते. सर्पविषाचे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. तिकडेच न्यावे.

साखर घसरली की

मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर एकदम कमी झाली की ओठ-जीभ मुंग्यांनी भरते, हात थरथरतात, घाम सुटतो, चिडचिड होते, डोके चालेनासे होते. साखर मोजायचे यंत्र घरात असेल तर लगेच पाहावे. ती ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. यंत्र नसेल तर लक्षणे पाहूनच साखर द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

रमजानमध्ये हा प्रश्न दरवर्षी आपल्या घरांत येतो. असरची वेळ झालेली असते, इफ्तारला दीड तास असतो, अब्बांना घाम सुटलेला असतो आणि ते म्हणतात, ‘आता थोडक्यासाठी रोजा कशाला मोडू?’ मधुमेहतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा. कुरआनने आजारी माणसाला रोजे दुसऱ्या दिवसांत पुरे करण्याची सवलत दिली आहे. ही सवलत अल्लाहनेच दिलेली आहे, तेव्हा ती घेण्यात कमीपणा कसला? आणि बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. ज्यांना इन्सुलिन सुरू आहे त्यांनी रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलून घ्यावी, आणि रोजे ठेवणे झेपेल का हेही तेव्हाच विचारावे.

महिनोन्‌महिने चालणारी बधिरता

अचानक न येता हळूहळू वाढणाऱ्या तक्रारीमागे रक्तातली कमतरता असू शकते. जीवनसत्त्व बी-१२ कमी झाले की जीभ लाल, गुळगुळीत, दुखरी होते, पायांना मुंग्या येतात, थकवा जात नाही, विसराळूपणा वाढतो. हे जीवनसत्त्व कलेजी, मटण, मासे, अंडी आणि दुधात असते. ‘आमच्या घरी तर गोश्त शिजते, आम्हांला कसे कमी पडेल?’ असे वाटेल. पण ताट वाढताना नीट पाहा. बोट्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात आणि शेवटी बसणाऱ्या अम्मीच्या वाट्याला उरलेला रस्सा येतो. शिवाय मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांच्या रक्तातही बी-१२ घटू शकते. रक्ताची एक तपासणी पुरते आणि उपचारही सोपा असतो. मात्र नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या मनाने घेत राहू नयेत. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांचे नुकसान आतून चालूच राहते.

लोह कमी असेल तरी जीभ हुळहुळते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम घसरल्याची शंका असते. त्याच दिवशी सर्जनला कळवावे. पाळी थांबल्यानंतरच्या वयात काही स्त्रियांची जीभ दिवसभर भाजल्यासारखी होते, तपासणीत काहीच सापडत नाही आणि घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ हा खरा आजार आहे आणि त्यावर औषधे आहेत.

अर्धशिशीत डोके दुखण्याआधी मुंग्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू हातावरून गालापर्यंत आणि जिभेपर्यंत चढतात, आणि तासाभरात ओसरतात. पक्षाघातात त्या बहुधा एकदम येतात. पण असे आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर फरक घरी ठरवू नका, तपासून घ्या. फार घाबरून जोरजोरात श्वास घेतल्यानेही ओठ आणि बोटे बधिर होतात. शांत बसवून श्वास मंद केला की ते जाते.

दाढ, सुपारी आणि मिसरी

दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शनचा बधिरपणा साधारण दोन ते पाच तासांत उतरतो. तोपर्यंत लहान मुलांना खायला देऊ नये. ती गंमत म्हणून जीभ-ओठ चावतात आणि संध्याकाळी जखम दिसते. दुसऱ्या दिवशीही जिभेची एक बाजू बधिर असेल तर दंतवैद्यांना कळवावे. अक्कलदाढेजवळची नस ताणली किंवा दुखावली गेलेली असू शकते. बहुतेकांत ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते, पण नोंद आणि तपासणी वेळेवर झालेली बरी.

काही पदार्थांनी जीभ बधिर होणे हा त्यांचा गुणच असतो. कोकणात बांगड्याच्या कालवणात घालतात ती तिरफळे, दाढदुखीवरची लवंग, युनानी आणि आयुर्वेदिक औषधांतला अक्कलकारा यांनी जीभ काही वेळ चुणचुणते आणि पुन्हा ठीक होते. बाळाची वाणी खुलावी म्हणून अक्कलकारा मधात उगाळून चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. पण बोलायला उशीर करणाऱ्या मुलाची आधी ऐकण्याची तपासणी करावी, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच देऊ नये.

सुपारीचे मात्र असे नाही. गुटखा, मावा, चुना लावून मळलेली तंबाखू, आणि बायकांमध्ये मिसरी. रोजच्या रगडण्याने तोंडाची आतली कातडी जळते, तिखट सोसत नाही, जीभ मऊपणा गमावते, आणि हळूहळू गालात दोऱ्यांसारख्या ताठ पट्ट्या तयार होऊन तोंड उघडणे कमी होते. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगितले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पान मसाल्याच्या विक्रीवर बंदी आहे. पण पुड्या कुठे मिळतात हे गावातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा तरुण झोप येऊ नये म्हणून पुडी तोंडात धरतो. त्याला नुसते रागावून भागत नाही, रात्रपाळीत दुसरे काय तोंडात टाकायचे हेही घरानेच सुचवावे लागते.

घरी एक साधी तपासणी करता येते. आपलीच तीन बोटे उभी करून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये शिरतात का पाहावे. शिरत नसतील तर दंतवैद्यांना दाखवावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, जिभेच्या एका कडेला गाठ, कान दुखणे, गळ्यात गाठ आणि त्याबरोबर जिभेचा किंवा खालच्या ओठाचा बधिरपणा असेल, तर तुकडा काढून तपासण्याची वेळ झाली आहे. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ हा समज खोटा आहे. कॅन्सर वाढतो तो तपासणी टाळत काढलेल्या महिन्यांत.

कुणी, कधी आणि कुठे

थोडक्यात हिशेब असा. जीभ बधिर होण्याबरोबर चेहरा, हात, बोलणे, नजर किंवा तोल बिघडला, जीभ सुजली, श्वास अडला, फवारणी किंवा दंशानंतर प्रकृती ढासळली, तर त्याच मिनिटाला १०८. दाढेनंतरची किंवा नव्या औषधानंतरची बधिरता एका दिवसात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. हळूहळू आलेली, दोन आठवडे टिकलेली किंवा पुन्हा पुन्हा येणारी बधिरता असेल तर त्या आठवड्यात रक्ततपासणी आणि तोंडाची तपासणी. गरम चहाने किंवा चुन्याने भाजले असेल तर गार पाणी, साधे जेवण आणि दोन-चार दिवसांची वाट.

राहिला एक प्रश्न, आणि तो औषधाचा नाही. आपल्या घरांत बाईचे दुखणे संध्याकाळपर्यंत थांबते. सकाळी दहाला दादीची बोटे आणि ओठ बधिर होतात. सून म्हणते, ‘यांना येऊ द्या.’ मुलगा मालेगावला माल घेऊन गेलेला असतो, फोन लागत नाही. तो पाच वाजता येतो तोवर साडेचार तास उलटून गेलेले असतात. पुढची वर्षे दादी खाटेवर, आणि तिचे सगळे करणारी तीच सून. कोणाचीच नीयत वाईट नसते. फक्त निर्णय घ्यायचा अधिकार घरात हजर नसतो.

म्हणून हा निर्णय आजारपणाच्या दिवशी घ्यायचा नसतो, आधीच घेऊन ठेवायचा असतो. एखाद्या जुम्याला जेवणानंतर सगळे एकत्र बसलेले असताना घरच्या कर्त्याने सर्वांसमोर सांगावे, ‘अशी लक्षणे दिसली तर जो घरात असेल त्याने १०८ ला फोन करायचा. मला विचारायला थांबायचे नाही.’ स्वयंपाकघराच्या दाराआड एक कागद चिकटवावा. त्यावर १०८, शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर, सीटी स्कॅनची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचे नाव, घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्या आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे लिहावे. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवावे. सरकारी आरोग्य योजनेसाठी ती कागदपत्रे लागतात आणि ऐन वेळी तीच सापडत नाहीत.

कागद लिहायला अर्धा तास लागेल. अक्षर घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलीचे असू द्या. तिला तो पाठही होईल, आणि फोन करायची वेळ आलीच तर बहुधा तीच करेल.